जव्हार-मोखाड्याचा पेशंट, नाशिकचे ऑपरेशन : क्लेम कोण करतो, पैसे कुठे जातात?

जव्हारला पतंगशहा कुटीर रुग्णालय आहे, मोखाड्याला ग्रामीण रुग्णालय. बाळंतपण, ताप, सर्पदंश असे उपचार इथे होतात. पण हृदयाचे ऑपरेशन, कॅन्सर किंवा किडनीचा मोठा आजार निघाला की पेशंटला नाशिक किंवा ठाणे-मुंबईला न्यावे लागते. घरात पहिला सवाल एकच असतो : पैसे कुठून आणायचे? मग दागिने मोडले जातात, उधारी होते, मोहल्ल्यात वर्गणी सुरू होते. हे सगळे करण्याआधी सरकारी योजनेचा क्लेम कसा चालतो ते समजून घ्या.

योजना कोणती?

२०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली. २०१७ मध्ये तिचे नाव महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना झाले. आता ती केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेसोबत एकत्र चालते. एका कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. ही रक्कम माणशी नाही, सगळ्या घराची मिळून आहे. पूर्वी पिवळे-केशरी कार्ड लागायचे, आता पांढरे कार्डवालेही यात येतात.

क्लेम कसा होतो?

क्लेम रुग्णालय करते, पेशंट नाही. योजनेतल्या म्हणजे 'अंगीकृत' रुग्णालयात आरोग्यमित्राचा काउंटर असतो. तो रेशनकार्ड आणि आधार तपासून नोंदणी करतो. डॉक्टर तपासण्या करून उपचार ठरवतात आणि रिपोर्टसह ऑनलाइन पूर्वपरवानगी मागतात. प्रत्येक उपचाराचा दर, म्हणजे पॅकेज, आधीच ठरलेले असते. तातडीच्या केसमध्ये फोनवर मंजुरी घेऊन उपचार सुरू करता येतात, कागद नंतर देता येतात.

डिस्चार्जनंतर रुग्णालय डिस्चार्ज कार्ड, ऑपरेशनची नोंद, रिपोर्ट, फोटो अपलोड करून क्लेम पाठवते. एखादा कागद कमी पडला तर क्लेम अडकतो. पण ती रुग्णालयाची जबाबदारी आहे. त्यासाठी पेशंटकडून पैसे मागता येत नाहीत.

सरकारी रुग्णालय मोफत, मग क्लेम कशाला?

हा प्रश्न बरेच जण विचारतात. मंजूर रक्कम सरकारी रुग्णालयाच्या खात्यात जमा होते. त्यातून औषधे, साहित्य, दुरुस्ती आणि कर्मचाऱ्यांचा प्रोत्साहन भत्ता असे खर्च भागतात. म्हणजे तुमची नोंदणी झाली नाही तर रुग्णालयाचेही नुकसान होते.

काही उपचार ५ लाखांतही बसत नाहीत. हृदय, फुफ्फुस, यकृत किंवा बोन मॅरो प्रत्यारोपण ही त्याची उदाहरणे. अशा महागड्या उपचारांसाठी वेगळा राखीव निधी उभारण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये घेतला. सरकारी रुग्णालयांना क्लेममधून मिळणाऱ्या रकमेचा २० टक्के वाटा या निधीत जाणार आहे. साध्या ऑपरेशनचा क्लेम नीट भरला गेला तर कुणाच्या तरी यकृत प्रत्यारोपणाला हातभार लागेल, असा हा हिशेब आहे.

आपल्या घरात अडते कुठे?

बहुतेक वेळा नावात. आधारवर 'शेख' आधी, रेशनकार्डवर शेवटी. सुनेचे नाव अजून माहेरच्या कार्डात. लहान मुलाचे नाव चढवलेलेच नाही. आजारपणात हे दुरुस्त करायला धावपळ होते. म्हणून आजच दोन्ही कागद शेजारी ठेवून प्रत्येकाचे नाव ताडून पाहा. रेशनकार्डाची दुरुस्ती तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेत होते, आधारची आधार केंद्रावर. आयुष्मान कार्ड काढले नसेल तर तेही काढून घ्या.

निघण्यापूर्वी

- जव्हार किंवा मोखाड्याच्या डॉक्टरांकडून संदर्भ चिठ्ठी घ्या, जुने रिपोर्ट सोबत ठेवा.
- ज्या रुग्णालयात जाणार ते योजनेत आहे का आणि तुमचा आजार तिथे बसतो का, हे १५५३८८ किंवा १८००२३३२२०० या मोफत क्रमांकावर विचारा.
- पोहोचल्यावर पैसे भरण्याआधी आरोग्यमित्राला भेटा.
- कुणी पैसे मागितले तर पावती मागा आणि याच क्रमांकावर तक्रार करा.

वर्गणीची गरज तरीही पडते. नातेवाइकांचे जेवण, मुक्काम, बुडालेली मजुरी योजनेत येत नाही. मोहल्ल्याची मदत तिथे लागू द्या. ऑपरेशनचे बिल योजनेवर सोडा.