वनडेत कोण फार राबले, कोण बाकावरच राहिले

झाशीहून रेल्वेने शंभरेक किलोमीटरवर ग्वाल्हेर. तिथलं मैदान झाशीच्या ध्यानचंदांचे धाकटे बंधू कॅप्टन रूप सिंग यांच्या नावाचं. 24 फेब्रुवारी 2010 रोजी सचिन तेंडुलकरने तिथेच दक्षिण आफ्रिकेविरुद्ध नाबाद 200 धावा केल्या. पुरुषांच्या एकदिवसीय क्रिकेटमधलं हे पहिलं द्विशतक. त्या वर्षभरात सचिन अवघे 2 एकदिवसीय सामने खेळला. 1998 साली 34 खेळला होता. पस्तिशी ओलांडलेल्या सचिनला असं जपलं, म्हणूनच 2011च्या विश्वचषकात त्याच्याकडून 482 धावा मिळाल्या, असं मला ठामपणे वाटतं.

दुहेरी ओझं

इंदूरला मराठी घरात जन्मलेला राहुल द्रविड एकट्या 1999मध्ये 43 एकदिवसीय सामने खेळला. पुढे एक जादा फलंदाज खेळवता यावा म्हणून त्याच्या हाती यष्टिरक्षणाचे ग्लोव्ह्ज आले. 50 षटकं म्हणजे किमान 300 वेळा उठबस, आणि नंतर मधल्या फळीत डाव सावरायचा. 2003च्या विश्वचषकात त्याने हेच केलं. सामन्यांच्या आकड्यात हे कष्ट दिसत नाहीत. त्याच संघातले अजित आगरकर आणि संजय बांगर यांना मात्र त्या स्पर्धेत एकही सामना मिळाला नाही.

एक चौकार, 34 सामने

18 जानेवारी 1998, ढाका. पाकिस्तानच्या 314 धावांचा पाठलाग, अंधारून आलेलं, 2 चेंडूंत 3 धावा हव्यात. पुण्याच्या हृषीकेश कानिटकरने सकलेन मुश्ताकला चौकार मारला आणि सामना संपला. तरीही त्याची एकदिवसीय कारकीर्द 34 सामन्यांतच आटोपली. खाली सहाव्या-सातव्या क्रमांकावर पाठवायचं, मोजके चेंडू द्यायचे आणि मग धावांची सरासरी काढायची, हा हिशेबच चुकीचा होता. याच कानिटकरने पुढे प्रथम श्रेणीत 10,000 धावांचा टप्पा ओलांडला आणि राजस्थानचा कर्णधार म्हणून सलग दोनदा रणजी करंडक जिंकला.

ज्यांना टोपीच मिळाली नाही

मुंबईच्या अमोल मुझुमदारच्या नावावर प्रथम श्रेणीच्या 11,167 धावा आहेत. भारताकडून सामने शून्य. मधल्या फळीत जागा नव्हती हे खरं. तरी सारखं राबणाऱ्यांना अधूनमधून विश्रांती दिली असती, तर त्याच्यासाठी चार सामने नक्की निघाले असते.

देशांतर्गत एकदिवसीय स्पर्धा सांगलीच्या विजय हजारेंच्या नावाने खेळली जाते. तिचे सामने आवर्जून पाहा, आणि धावांसोबत फलंदाजाला किती चेंडू मिळाले तेही बघा.