हाताला काम हवे

'हाताला वळण लागणे' हा आपल्याकडचा जुना शब्दप्रयोग. पहिलीच्या वर्गाला शिकवताना त्याचा अर्थ मला नव्याने उमगू लागला आहे. वर्गातली मुले घरी मोबाइलवर हवे ते गाणे क्षणात शोधतात, पण डब्याचे घट्ट झाकण उघडायला माझ्याकडे येतात. शर्टाच्या गुंड्या लावताना रडकुंडीला येतात. चार ओळी लिहिल्या की 'बाई, हात दुखतो' म्हणतात. ही मुले आळशी नाहीत. त्यांच्या हातात जोर नाही.

एका हातात २७ हाडे असतात. बोटे घट्ट मिटवणारे मोठे स्नायू कोपर आणि मनगट यांच्यामध्ये असतात, तर नाजूक हालचालींचे लहान स्नायू तळहातात. ओढणे, पिळणे, दाबणे यांनी ते बळकट होतात. शेंग सोलायची तर बोटांना जोर लावावा लागतो. मोबाइलची काच मात्र नुसत्या स्पर्शाला दाद देते. त्यात अंगठा दुखतो, पण मूठ तयार होत नाही.

अमेरिकेत २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत तरुण पुरुषांच्या मुठीची पकड १९८५ सालच्या मोजमापांपेक्षा कमी भरली. त्याचे सारे खापर मोबाइलवर फोडता येणार नाही. तेव्हापासून अंगमेहनतही कमीच होत गेली आहे. मोबाइलने मुलांचे हात बिघडवले म्हणण्यापेक्षा त्याने हातांचे काम पळवले, असे म्हणावे. लगोरी, विटीदांडू, सागरगोटे ही हाताची तालीमच होती.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितले, की दोन ते चार वर्षांच्या मुलांनी दिवसाकाठी तासाभरापेक्षा जास्त वेळ पडद्यासमोर बसू नये. त्याहून लहानांना तर पडदा नकोच. आईवडील दमून घरी येतात, मोबाइल दिला की मूल गप्प बसते, ही अडचण मला समजते. पण मटार सोलायला, कणकेचा गोळा मळायला, ओला रुमाल पिळायला मूल शेजारी बसवता येते. सांडलवंड होईल, उशीर होईल, होऊ द्यावा. एवढे करूनही हात चालत नसेल, तर डॉक्टरांना जरूर दाखवावे.

आमच्या वर्गात आता रोज दहा मिनिटे मातीकाम असते. सुरुवातीला साधा गोळा वळत नव्हता. पोळ्यापर्यंत बैल उभे राहिले. पाय वाकडे, शिंगे आखूड, पण स्वतःच्या हातचे.