एलईडी विजेरीसाठी अल्पखर्ची चालक परिपथ : निवडीचा विचार

प्रस्तावना :

१९९३ मध्ये जपानमधील निचिया कंपनीत शुजी नाकामुरा यांनी तेजस्वी निळा एलईडी सिद्ध केला. त्यातूनच पुढे पांढरा एलईडी आला आणि विजेरीतील तंतूचा दिवा जवळजवळ हद्दपार झाला. स्वतःच्या गरजेनुसार विजेरी घडविणारे हौशी कारागीर व प्रकल्प करणारे विद्यार्थी यांना एलईडी, परावर्तक आणि नळी सहज मिळतात. अडचण येते ती एलईडीला योग्य धारा पुरविणाऱ्या चालक परिपथाच्या, म्हणजेच ड्रायव्हर बोर्डच्या, निवडीत. महाग बोर्ड तोच चांगला हा समज येथे फारसा टिकत नाही. घट आणि एलईडी यांची जुळणी नीट झाली, तर साधा बोर्डही पुरेसा असतो. प्रस्तुत लेखात एका लिथियम-आयन घटावरील विजेरीच्या संदर्भात हा विचार मांडला आहे.

विषय-विवेचन :

एलईडीवरील विभवांतर थोडे वाढले तरी धारा झपाट्याने वाढते, म्हणून धारा नियंत्रित करावी लागते. सर्वांत स्वस्त उपाय रोधकाचा. पूर्ण भारित घट ४.२ व्होल्ट व एलईडीवरील विभवांतर ३.२ व्होल्ट धरल्यास ७०० मिलिअँपिअरसाठी सुमारे १.४३ ओहमचा रोधक लागतो. घट ३.५ व्होल्टपर्यंत उतरला आणि एलईडीवर ३.० व्होल्ट राहिले, की धारा ३५० मिलिअँपिअर, म्हणजे निम्मी होते. प्रकाश सतत मंदावत जातो.

येथेच एएमसी ७१३५ ही तीन टोकांची चकती उपयोगी पडते. ती सुमारे ३५० मिलिअँपिअर धारा स्थिर राखते आणि त्यासाठी स्वतःवर केवळ ०.१२ व्होल्टच्या आसपास विभवांतर असले तरी पुरते. अशा चकत्या समांतर जोडल्या की धारांची बेरीज होते. त्यामुळे बोर्ड पारखण्याची पहिली रीत अगदी साधी आहे : चकत्या मोजाव्यात. चार असतील तर १.४ अँपिअर, आठ असतील तर २.८ अँपिअर. वेष्टनावरील मजकुरापेक्षा ही मोजणी अधिक विश्वासार्ह होय. जास्तीची चकती काढून धारा कमी करता येते, किंवा एकीवर दुसरी डाखून वाढविता येते. एकाच प्रकारच्या बोर्डांवर अनेक विजेऱ्या भागतात.

ही पद्धत रेषीय आहे, म्हणजे जादा विभवांतर उष्णतेच्या रूपाने वाया जाते. परंतु एकाच घटाच्या बाबतीत हा तोटा मोठा नाही. घट ४.२ व्होल्टवर असताना कार्यक्षमता सुमारे ७६ टक्के, तर ३.७ व्होल्टवर ती ८५ टक्क्यांच्या जवळ जाते. महागडा बक परिपथ येथे फारसे अधिक देत नाही. दोन घट एकसरीत जोडल्यास मात्र चित्र पालटते. ८.४ व्होल्ट हे ६ व्होल्टच्या मर्यादेपलीकडचे असल्याने थेट जोडलेली चकती निकामी होऊ शकते. तेथे बकच हवा. १.२ व्होल्टच्या एकट्या निकेल घटासाठी विभवांतर वाढविणारा बूस्ट परिपथ अपरिहार्य असतो.

उष्णतेकडे दुर्लक्ष करणे महागात पडते. चार चकत्यांच्या बोर्डवर सुरुवातीस सुमारे १.४ वॅट उष्णता निर्माण होते. चकतीचा धातूचा पत्रा ऋण टोकाशी जोडलेला असतो. म्हणून बोर्डची ऋण कडा पितळी कड्याला डाखली, की ती उष्णता नळीपर्यंत पोहोचते.

तेजाचे टप्पे हवे असल्यास सूक्ष्मनियंत्रक असलेला बोर्ड घ्यावा लागतो. तो धारा वेगाने चालू-बंद करून प्रकाश कमी करतो. वारंवारता कमी असेल तर फिरत्या पंख्याच्या पात्यांवर लुकलुक दिसते. एकच टप्पा पुरेसा असेल, तर हा खर्च टाळावा.

काटकसर करू नये अशी एक जागा आहे. एएमसी ७१३५ स्वतः घट तोडत नाही. विभवांतर घसरले तरी मंद प्रकाश चालूच राहतो आणि घट अतिनिर्भारित होतो. असा घट पुन्हा भारित करणे धोक्याचे असते. विद्यार्थ्यांच्या हाती विजेरी द्यायची असेल, तर संरक्षण-परिपथ असलेलाच घट वापरावा, किंवा कमी विभवांतराला बंद होणारा बोर्ड निवडावा.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत सुटे भाग शोधताना एक मल्टिमीटर जवळ असावा. मात्र त्याच्या बारीक तारांचा रोध धारा कमी दाखवितो आणि निर्दोष बोर्ड सदोष ठरतो. त्याऐवजी ०.१ ओहमचा रोधक जाड, आखूड तारांनी एकसरीत जोडून त्यावरील विभवांतर मोजावे, १.४ अँपिअरच्या बोर्डवर ते सुमारे १४० मिलिव्होल्ट भरते.