वाजवी कोण, हे ठरवायचे कोणी?

भारतीय राज्यघटनेच्या कलम १९ मधील दुसऱ्या उपकलमात ‘वाजवी’ हा शब्द मुळात नव्हता. मे १९५१ मध्ये नेहरू सरकारने हंगामी संसदेत पहिल्या घटनादुरुस्तीचे विधेयक मांडले, तेव्हाही तो नव्हता. आदल्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या ‘क्रॉस रोड्स’ या साप्ताहिकावरील मद्रास सरकारची प्रवेशबंदी आणि दिल्लीच्या ‘ऑर्गनायझर’वरील पूर्वतपासणीचा आदेश रद्द ठरवला होता. अभिव्यक्तीवर निर्बंध घालण्याची कारणे वाढवून घेणे ही सरकारची निकड होती. विधेयक प्रवर समितीकडून परत आले ते निर्बंधांपूर्वी हे विशेषण लागून. एका विशेषणाने काय साधले? निर्बंध घालण्याचा अधिकार संसदेकडे राहिला. तो वाजवी आहे की नाही, हे तपासण्याचा अधिकार न्यायालयाकडे आला.

परंतु तपासायचे कशावरून? व्ही. जी. रो खटल्यात १९५२ साली सरन्यायाधीश पतंजली शास्त्री यांनी स्वच्छ कबूल केले, की वाजवीपणाचे सर्व प्रकरणांना लागू पडेल असे अमूर्त माप नाही. हक्काचे स्वरूप, निर्बंधाचा हेतू, अनिष्टाची निकड, उपायाचे प्रमाण हे सारे पाहावे लागते. आणि न्यायाधीशाची स्वतःची मूल्यदृष्टीही निर्णयात उतरतेच. म्हणून त्याने संयम राखावा आणि घटना केवळ आपल्यासारखा विचार करणाऱ्यांसाठी नसून सर्वांसाठी आहे, हे ध्यानात ठेवावे, अशी त्यांची अपेक्षा होती.

शास्त्रींनी न्यायाधीशाला घातलेली ही अट चार दशकांनी जॉन रॉल्स या अमेरिकी तत्त्वज्ञाने प्रत्येक नागरिकाला घातली. ‘पोलिटिकल लिबरॅलिझम’ (१९९३) या ग्रंथात त्याने हिशेबी बुद्धी आणि समंजसपणा यांत काटेकोर भेद केला. नदीच्या वरच्या अंगाच्या राज्याने धरणाचे दरवाजे बंद ठेवले, तर ते स्वहिताच्या हिशेबाला धरून असू शकते. लवादापुढे त्याचा वकील आकडेवारीही चोख मांडेल. तरीही खालच्या राज्याला ते गैरवाजवी वाटते, आणि त्या वाटण्याला अर्थ आहे. समंजस नागरिक इतरांनाही मान्य करता येतील अशा सहकार्याच्या अटी मांडतो आणि इतर पाळत असतील तर स्वतःही पाळतो. शिवाय तो आणखी एक गोष्ट ओळखून असतो: पुरावा गुंतागुंतीचा असतो, त्याला द्यायचे वजन माणसागणिक बदलते, अनुभव वेगळे असतात, त्यामुळे प्रामाणिकपणे विचार करूनही माणसे वेगळ्या निष्कर्षांना पोहोचतात. समोरचा असहमत आहे म्हणून तो मूर्ख किंवा लबाड ठरत नाही. राजकीय चर्चेतून आज सर्वांत वेगाने हरवत असलेली जाणीव हीच असावी.

रॉल्सवरील आक्षेपही तितकाच जुना आहे आणि तो सहज झटकता येत नाही. गैरवाजवी मतप्रणालींना युद्ध वा रोगराईप्रमाणे आवर घालावा लागतो, असे त्याने एका तळटीपेत लिहून ठेवले आहे. मग ही रेषा आखणार कोण? शांताल मूफ यांच्या मते ही रेषा मुळातच राजकीय असते. ज्यांचे वर्चस्व असते, त्यांना आपले आग्रह समंजस आणि दुसऱ्याचे आततायी वाटतात.

महाडच्या चवदार तळ्याचे प्रकरण या आक्षेपाची कसोटी पाहण्यास रॉल्सच्या कोणत्याही उदाहरणाहून अधिक उपयोगी आहे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव मुंबई कायदेमंडळाने १९२३ मध्येच केला होता. मार्च १९२७ मध्ये डॉ. आंबेडकर आणि त्यांचे सहकारी तळ्याचे पाणी प्याले. त्यांच्यावर हल्ला झाला आणि मागाहून तळ्याचे ‘शुद्धीकरण’ करण्यात आले. डिसेंबरमध्ये पुन्हा सत्याग्रह ठरला, तेव्हा काही सवर्णांनी दावा लावून मनाई हुकूम मिळवला. सत्याग्रहास सज्ज होऊन आलेल्या हजारो लोकांना थोपवणे किती कठीण असेल, याची कल्पना करावी. बाबासाहेबांनी ते केले, हुकूम पाळला.

त्याच परिषदेत मनुस्मृतीचे दहन झाले. संयम आणि दहन यांत विसंगती पाहणारे तेव्हाही होते, आजही आहेत. विसंगती नाही. न्यायालय ही दोन्ही पक्षांना समान मानण्याचे निदान वचन देणारी व्यवस्था होती. मनुस्मृतीत ते वचनच नव्हते. दुसऱ्याला सहकार्याचा समान भागीदार न मानणारी मतप्रणाली रॉल्सच्याच व्याख्येने गैरवाजवी ठरते, मग तिच्यामागे बहुसंख्य असोत वा परंपरा. आवाज कोणाचा चढलेला आहे, यावरून समंजसपणा मोजण्याची चूक रॉल्स करत नाही. त्याचे अनेक वाचक करतात.

दाव्याचा अंतिम निकाल मुंबई उच्च न्यायालयात १७ मार्च १९३७ रोजी लागला. तळ्याचा वापर केवळ स्पृश्यांनी करण्याची अनादी रूढी वादींना सिद्ध करता आली नाही, म्हणून त्यांचे अपील फेटाळले गेले. रूढी सिद्ध झाली असती, तर ती वाजवी आहे का याचा विचार कदाचित करावा लागला असता, असे न्या. ब्रूमफिल्ड यांनी नोंदवले. तशी वेळ आली नाही आणि त्या प्रश्नाचे उत्तर न देताच निकालपत्र पुढे गेले. तळ्याच्या काठावर पहिली ओंजळ भरली गेली, त्याला तेव्हा दहा वर्षे होत आली होती. थांबून राहण्याचा समंजसपणा तेवढा काळ एकाच पक्षाकडून अपेक्षिला गेला होता.