अंगणवाडीतील अबोल मूल : अडसर भाषेचा की श्रवणाचा?

बिदर जिल्ह्यातील औराद, भालकी, बसवकल्याण आणि कलबुर्गीतील आळंद या सीमावर्ती तालुक्यांत अनेक मुले घरी मराठी बोलतात. अंगणवाडीत मात्र त्यांच्या कानी कन्नड पडते. अशा वेळी तीन वर्षांचे मूल गप्प राहिले, तर कारण अपरिचित भाषा की श्रवणदोष, हे वेळीच ओळखावे लागते.

मूल घरी मराठीत वयानुरूप बोलत असेल, तर त्याला बहुधा रुळण्यास अवधी हवा असतो. घरीही शब्द फुटत नसतील, हाकेला प्रतिसाद मिळत नसेल, तर तपासणी लांबवू नये. दोन भाषा कानी पडल्याने वाचादोष उद्भवत नाही.

२०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमानुसार अंगणवाडीतील बालकांची वर्षातून दोनदा तपासणी अपेक्षित आहे. गरजू बालकांना जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठविले जाते. मूल घरी किती व कसे बोलते, हे पथकाला पालकांनी आवर्जून सांगावे.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील मोफत शिक्षणाचा हक्क सहाव्या वर्षापासून लागू होतो. त्यापूर्वीच्या वर्षांचा आधार अंगणवाडीच असते. म्हणूनच तेथील अबोलपणाकडे दुर्लक्ष परवडणारे नाही.