आगीपासून बचाव : गाळ्याची वाट मोकळी ठेवा

२२ ऑक्टोबर २०२१ रोजी करी रोडच्या अविघ्न पार्क या उंच इमारतीत १९व्या मजल्यावर आग लागली. वर गेलेला एक सुरक्षारक्षक तेथेच अडकला. जीव वाचविण्यासाठी तो बाल्कनीला लोंबकळला, पण हात सुटून खाली कोसळला व मरण पावला. त्यापूर्वी २२ ऑगस्ट २०१८ रोजी परळच्या क्रिस्टल टॉवरला आग लागून चौघे दगावले होते. मात्र त्याच इमारतीत दहा वर्षांच्या एका मुलीने शेजाऱ्यांना ओल्या कापडातून श्वास घ्यायला लावले आणि अनेकांचे प्राण वाचले. ही युक्ती ती शाळेत शिकली होती.

बंब येईपर्यंतची पहिली काही मिनिटे आपल्यालाच निभवावी लागतात, हा यातील धडा आहे. आमच्या व्यापारी व कारागीर बांधवांनी तो अधिक मनावर घ्यावा. कारण आपले गाळे लहान, माल दारापर्यंत रचलेला, कोपऱ्यात थिनर व रबर सोल्युशनचे डबे आणि एकाच बोर्डावर दहा जोडण्या! त्यात कारागीर पोटमाळ्यावर झोपतात आणि मालक शटरला बाहेरून कुलूप लावून घरी जातो. चोरीच्या भीतीने लावलेले हे कुलूप आगीत जीवघेणे ठरते. कुलूप आतून उघडेल असेच असावे.

आग लागल्यास प्रथम मेन स्विच बंद करा आणि १०१ वर फोन करा. विजेच्या आगीवर पाणी टाकू नका. पावडरचे अग्निशामक वापरताना पिन काढून फवारा ज्वाळेच्या बुडाशी मारा. आग आवरत नसेल तर माल वाचवीत बसू नका. धूर वर चढतो, म्हणून वाकून चाला. लिफ्ट टाळा. जिन्यात धूर असेल तर दार लावून फटीत ओले कापड कोंबा आणि खिडकीतून हाक द्या.

२००६ च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक कायद्याने अग्निसुरक्षेची जबाबदारी मालक व भोगवटादारावर टाकली आहे. दर जानेवारी व जुलैत यंत्रणा चालू असल्याचा दाखला द्यावा लागतो. आपल्या इमारतीचा दाखला आहे काय, हे विचारा.

आणि आजच काम संपल्यावर दिवे मालवून कारागिरांना दारापर्यंत चालून पाहू द्या. जिथे ठेच लागेल, तिथला गठ्ठा उचला.