प्रणयकादंबरीतील कथासंकेत

दोन व्यक्तींमधील प्रेमाचा उद्‌भव, त्यातील अडथळे आणि अखेरचे मीलन हाच जिचा मुख्य विषय असतो, ती प्रणयकादंबरी होय. तीत पुनःपुन्हा येणाऱ्या ठरावीक प्रसंगरचनांना कथासंकेत म्हणता येईल. प्रथमभेटीतील तिटकारा, नायक-नायिकांच्या सांपत्तिक स्थितीतील अंतर, लपविलेली ओळख, सोयीखातर केलेला विवाह, दुरावलेल्या प्रेमिकांची पुनर्भेट हे त्यांतील विशेष रूढ संकेत होत. त्यांचा उगम कादंबरीत नाही. कालिदासाच्या ‘अभिज्ञानशाकुंतला’त शाप व मुद्रिका यांनी विस्मृती आणि ओळख घडविली आहे, शेक्सपिअरच्या सुखात्मिकांत वेषांतर हेच काम करते.

इंग्रजी कादंबरीत सॅम्युएल रिचर्ड्‌सनच्या ‘पामेला’ने (१७४०) दासी व धनी यांची कथा लोकप्रिय केली. शार्लट ब्राँटीच्या ‘जेन एअर’मध्ये (१८४७) तोच विषम संबंध स्वाभिमानी शिक्षिकेच्या बाजूने मांडलेला आढळतो. तिटकाऱ्यातून प्रेम ह्या संकेताचा आदर्श मात्र जेन ऑस्टेनच्या ‘प्राइड अँड प्रेजुडिस’ने (१८१३) घालून दिला. नृत्यसमारंभात डार्सीने काढलेले अवहेलनेचे उद्‌गार एलिझाबेथच्या कानी पडतात. पुढे त्याची मागणी ती धुडकावते. त्याचे पत्र आणि त्याच्या घरच्या व्यवस्थापिकेने केलेली त्याची प्रशंसा यांमुळे तिला आपले मत तपासावे लागते. तोही आपला अहंकार सोडतो. वाचकाला समाधान मिळते ते ह्या दुहेरी परिवर्तनाचे. केवळ विवाहाचे नव्हे.

शेवट ठाऊक असताना अशा कथा का वाचल्या जातात, हा प्रश्न टीकाकार अनेकदा उपहासाने विचारतात. आख्यान ठाऊक असूनही श्रोते कीर्तनास बसतातच. सुखान्ताची हमी असल्याने वाचकाचे कुतूहल ‘काय होईल’ यावरून ‘कसे होईल’ याकडे वळते आणि अपमान, वियोग, गैरसमज यांचे दुःख तो निर्धास्तपणे अनुभवू शकतो. सोयीचा विवाह किंवा एकाच घरात राहण्याची सक्ती हे संकेत परस्परांना टाळू पाहणाऱ्यांना संभाषण करावयास लावतात. कथेच्या दृष्टीने त्यांची खरी उपयुक्तता हीच.

सर्वच संकेत निरुपद्रवी नाहीत. ई. एम. हल हिच्या ‘द शेख’मध्ये (१९१९) नायक नायिकेला पळवून नेऊन तिच्यावर अत्याचार करतो आणि तरीही ती त्याच्या प्रेमात पडते. कॅथलीन वुडिविस हिच्या ‘द फ्लेम अँड द फ्लॉवर’मध्येही (१९७२) बळजबरीला प्रेमकथेची प्रस्तावना केले आहे. यावरील स्त्रीवाद्यांचा आक्षेप रास्तच होता. तथापि सर्व वाचकांना हे रुचत होते, असे मात्र नाही. जॅनिस रॅडवे हिने अमेरिकेतील एका गावातील स्त्री-वाचकांचा अभ्यास करून ‘रीडिंग द रोमान्स’ (१९८४) हा ग्रंथ लिहिला. क्रूर नायकांच्या कादंबऱ्या ह्या स्त्रियांना नापसंत होत्या. नायिकेची काळजी घेणारा, हळुवार नायक त्यांना हवा होता. शिवाय वाचनाचा वेळ हा घरकामातून स्वतःसाठी काढलेला वेळ आहे, असे त्या सांगत. दिवसभर इतरांची शुश्रूषा करणाऱ्या स्त्रीला आपलीही कोणी विचारपूस करावी असे वाटणे, यात हसण्यासारखे काही नाही.

मराठीत ह्या संकेतांना सामाजिक स्थितीची मर्यादा पडली. प्रेमयाचना व निवड यांना प्रौढ, अविवाहित स्त्री-पुरुष लागतात; बालविवाहाच्या समाजात ते आणावयाचे कोठून? लक्ष्मणशास्त्री हळबे यांच्या ‘मुक्तामाले’सारख्या (१८६१) आरंभीच्या कादंबऱ्या अद्‌भुतरम्यतेकडे वळल्या, तर हरिभाऊ आपट्यांनी ‘पण लक्षात कोण घेतो!’मध्ये विवाहित बालिकेचे दुःखच चित्रित केले. मुली महाविद्यालयांत जाऊ लागल्यावर स्थिती पालटली. ना. सी. फडके यांच्या कादंबऱ्यांतील सुशिक्षित तरुण-तरुणींना भेटण्याची व स्वतः निवड करण्याची मोकळीक मिळाली आणि गैरसमज, प्रतिस्पर्धी, वडीलधाऱ्यांचा विरोध हे संकेत मराठीत रुळले. फडक्यांवर स्वप्नरंजनाचा आरोप झाला. परंतु मुलीची पसंती क्वचितच विचारली जात असलेल्या घरांत त्या कादंबऱ्या वाचल्या जात होत्या, ही गोष्ट तो आरोप करताना बहुधा विसरली जाते.